बँकॉकमध्ये एकटीनं एकच दिवस: काय बघायचं, काय खायचं? (शाकाहारी, अंडंही नको)

मुळाकाठची_रेवा
ऑगस्टमधला एक मंगळवार. सकाळी ६ ला सुवर्णभूमी विमानतळावर उतरते, पुढचं विमान रात्री दीडला. दोन्ही एकाच तिकिटावर, त्यामुळे मोठी बॅग परस्पर पुढे जाईल. हातात फक्त पाठपिशवी. वय २३, एकटी.

इंटरनेटवरून झालेली यादी: ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे मंदिर), तरंगता बाजार, चातुचाक, खाओसान रोड, एखादा रूफटॉप. मांस, मासे, अंडं खात नाही. दूध चालतं, कांदा-लसूण चालतो.

प्रश्न दोन. यादीतलं काय कापू? आणि दिवसभर नुसत्या केळ्यांवर राहावं लागेल का? आईची अट अशी की अंधार पडल्यावर टुकटुक (तिथली रिक्षा) नाही. सल्ला पुण्यातून निघायच्या आधी अमलात आणता येईल असा द्या.

अर्धा_कप
तरंगता बाजार कापा. फोटोतला तो दामनेन सदुआक शहरापासून साधारण १०० किमीवर आहे, जाऊन येऊन अर्धा दिवस संपला. चातुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारचा, तुम्ही मंगळवारी. दोन नावं वाद न घालता गेली.

नळस्टॉपचा_काका
खाओसानही कापा. दिवसा तिथे बघण्यासारखं काही नाही आणि रात्री तुम्हाला विमानतळ गाठायचाय. रूफटॉपवर जाऊन एका सरबताला जेवणाचे पैसे मोजायचे असतील तर जरूर जा.

आता मार्ग. हा दिवस एकाच मेट्रो लाइनवर बसतो, ते नीट समजून घे.

विमानतळाच्या तळमजल्याच्या खाली एअरपोर्ट रेल लिंक आहे. शेवटच्या फाया थायपर्यंत ४५ बाथ लागतात, पण तिथपर्यंत जाऊ नकोस. मक्कासानला उतर. तिथून झाकलेल्या पादचारी पुलावरून पाच-सात मिनिटांत फेचबुरी हे एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन. ही निळी लाइन. लाक सोंगच्या दिशेची गाडी पकडली की गाडी न बदलता हुआ लाम्फोंग, वाट मांगकोन, साम योत आणि सनाम चाय अशी स्टेशनं येतात. राजवाडा आणि वाट फो सनाम चायला, फुलबाजारही तिथूनच, चायनाटाउन वाट मांगकोनला. परतताना हाच रस्ता उलटा. टॅक्सीची गरजच नाही, त्यामुळे आईची अट आपोआप पाळली जाते.

इमिग्रेशनला तास-सव्वा तास धर. सव्वासातला गाडीत बसलीस तर साडेआठ-पावणेनऊला सनाम चाय. तिथून राजवाड्याचं प्रवेशद्वार पंधरा-वीस मिनिटं चालत. तिकीट खिडकी साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला बंद होते. दहानंतर बसच्या बस रिकाम्या व्हायला लागतात, म्हणून राजवाडा पहिला. हा क्रम उलटा केलास तर ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर घेशील.

छत्री_विसरलेला
काकांच्या मार्गाशी सहमत, राजवाड्याशी नाही. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ. आतल्या बऱ्याचशा इमारती फक्त बाहेरून बघायच्या, आणि पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात फोटोला बंदी. वाट फोला ३०० बाथ आणि त्यात पाण्याची बाटली. शांतपणे बसता येतं, सावली आहे. एकच दिवस असेल तर वाट फो आणि वाट अरुण पुरेत, राजवाड्याचे तीन तास वाचवा.

पोथीनिष्ठ
छत्रीराव, वाचवलेल्या तीन तासांत काय करणार, मॉलमध्ये एसी खाणार?

राजवाडा राजाच्या घरासाठी बघायचाच नसतो. आवारात वाट फ्रा केओ, म्हणजे तेच पाचूच्या बुद्धाचं मंदिर, आहे, आणि त्याच्या चारी बाजूंच्या ओवरीत रामाकियन, म्हणजे थाई रामायण, भिंतींवर रंगवलंय. एकूण १७८ चित्रचौकटी. सुरुवात उत्तरेच्या दाराजवळून होते. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे प्रदक्षिणेच्याच दिशेनं, चालत राहिलं की कथा क्रमानं उलगडते. बहुतेक लोक मधूनच घुसतात, त्यामुळे त्यांना नुसती लढाई दिसते.

ओळखीच्या खुणा: राम हिरवा, हनुमान पांढरा, रावणही हिरवा पण दहा तोंडांचा. त्याचं तिथलं नाव थोत्सकन, दशकंठ. दारांवर पहारा देणारे जे उंच यक्ष दिसतात त्यांच्यातही तो आहे. पाचूचा बुद्ध खरं तर जेडचा, उंची जेमतेम ६६ सेंमी आणि बसलाय खूप वर. ऋतूनुसार त्याचे तीन पोशाख, ते राजा स्वतः बदलतो. ऑगस्टमध्ये पावसाळ्याचा असेल. मूर्ती १७७९ मध्ये व्हिएन्तियानहून आणली आणि १७८४ मध्ये इथे बसवली.

ज्याला मारुतीस्तोत्र येतं त्यानं हे ५०० बाथ द्यावेत.

सोमवार_पेठी
पण तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर धक्का बसेल. सेतू बांधताना दगड पळवणारी जलपरी सुपन्नमच्छा ही रावणाची मुलगी, आणि हनुमानाच्या नायिकांपैकी एक. त्यांना मुलगाही होतो.

अर्धा_कप
शनिवारचं तेल वाहून झालेल्यांनी वरचा प्रतिसाद वाचू नये.

मुळाकाठची_रेवा
😄 राजवाडा ठरला. कपडे काय घालू? ऑगस्टमध्ये ऊन आणि पाऊस दोन्ही असेल ना?

कॉटनकिंगमेकर
राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि दारावरचे लोक हे गंभीरपणे तपासतात. बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेतली तरी अडवतात, बाह्या शिवलेल्याच हव्यात. लेगिंग्ज, फाटकी जीन्स, पारदर्शक कापड नाही. सर्वात सोपं म्हणजे सुती कुर्ता आणि सैल सलवार. विमानातूनच घालून उतर. नाहीतर दारासमोर हत्तीछाप पायजमा घ्यावा लागतो, आणि अडलेल्या माणसाला भाव जास्तच लागतो.

पायात सहज निघणारी चप्पल, पिशवीत मोजे. मंदिराच्या दाराशी चपला काढायच्या, आणि दुपारी अंगणातली फरशी तापलेली असते. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, एकदम जोरात, तास-दीड तास. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा, कारण फुटपाथवर खाण्याच्या गाड्यांच्या छपरांच्या कडा नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर असतात आणि छत्री त्यात अडकते. फोन-पासपोर्टला झिपची प्लास्टिक पिशवी.

डेक्कनचा_घड्याळवाला
राजवाड्याबाहेरचा ठरलेला सापळा. नीटनेटका माणूस, इंग्रजी चांगलं, कधी गळ्यात ओळखपत्र. सांगणार की आज पूजा आहे, राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद, तोवर २० बाथमध्ये टुकटुकनं तीन मंदिरं फिरून या. त्या वीस बाथमध्ये शिंप्याचं आणि रत्नांचं दुकान येतं, कारण चालकाला तिथे गिऱ्हाईक नेल्याचे पैसे मिळतात. उपाय एकच: उत्तर न देता चालत राहायचं आणि दारावरच्या गणवेशातल्या माणसाला विचारायचं. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा कधी कधी खरोखर बंद असतो, पण ते आदल्या दिवशी त्यांच्या अधिकृत साइटवर बघून ठेव.

समोरच्या सनाम लुआंग मैदानाजवळ कोणी हातात कबुतरांचे दाणे कोंबले तर मूठ उघडायची नाही. पैसे नंतर मागतात.

टूरिस्ट पोलीस ११५५, साधे पोलीस १९१. दोन्ही फोनमध्ये साठव.

छत्री_विसरलेला
बरं, राजवाड्याचं हरलो. मग वाट फोला तरी घाई करू नका. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. लोक चेहऱ्याचा फोटो काढून निघतात, खरं काम पायांकडे आहे: तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकीनं जडवलेली १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूला १०८ धातूची भांडी ओळीनं, प्रत्येकात एक नाणं टाकत जायचं. नाणी तिथेच वाटीत विकत मिळतात.

थाई मसाजची शाळा याच आवारात. पूर्ण कपड्यांत, चटईवर, तासाला साधारण ५०० बाथच्या घरात. एकट्या मुलीला निर्धास्त जाता येईल अशी जागा. जेवून लगेच नको, पोटावर आणि कमरेवर दाब देतात.

भाजीपोळी_केंद्र
सगळे देवळात अडकलेत, पोरगी उपाशी राहील. मुख्य मुद्द्यावर येते.

थाई जेवणात भाजी भरपूर, अडचण तिच्यात न दिसणाऱ्या गोष्टींची. मिठाच्या जागी माशाचं पाणी (नाम प्ला), लाल-हिरव्या करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीचा गोळा (कापी), परतलेल्या भाजीत ऑइस्टर सॉस (नाम मन होय). पपईच्या सोम तम कोशिंबिरीत सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही. पाद थाई नूडल्समध्ये तीच जोडी आणि वर अंडं. "नो मीट" म्हटलं की गाडीवाली मांस वगळते, पण हे चारही तसेच राहतात, कारण तिच्या लेखी ते मांस नाहीच.

म्हणून "जे" शोधायचं. पिवळा झेंडा किंवा पाटी, त्यावर लाल अक्षरं. लांबून इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. चिनी बौद्ध परंपरेतलं जेवण: मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. त्यामुळे "जे" म्हटलं की वरचे सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतात. थाळ्यात लाल-गुलाबी कापं दिसतील ती सोयाची असतात, दचकायचं नाही. "मान्सविरात" असंही लिहिलेलं दिसेल, त्यात मात्र अंडं चालतं.

बोलायचं एवढंच:
किन जे खा (मी जे खाते)
माय साय नाम प्ला (माशाचं पाणी नको)
माय साय खाय (अंडं नको)
माय फेत (तिखट नको)
शेवटी "खा" लावायचं, मुलगे "ख्राप" म्हणतात. स्वर चुकले की अर्थ बदलतो, म्हणून ही वाक्यं थाई लिपीत फोनवर ठेव आणि दाखव. आवाजापेक्षा पडदा खात्रीचा.

सोमवार_पेठी
तिखट नको? पुण्याची मुलगी?

भाजीपोळी_केंद्र
त्यांची "फ्रिक खी नू" मिरची करंगळीच्या नखाएवढी असते. दिवसभर चालायचंय, पोट ठीक हवं. जिद्द संध्याकाळी दाखवा. त्यातही "फेत नित नोय" म्हणजे थोडंसं तिखट, तिथपर्यंतच.

गोडबोल्या
गोडाचं राहिलं. खानोम क्रोक: तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, बिडाच्या खळग्यांच्या तव्यात. आपलं आप्पेपात्रच. खालून कुरकुरीत, वरून मऊ, वर मका किंवा कांद्याची पात. अंडं नसतं.

खानोम बुआंग बघून फसू नका. करंजीसारखी दुमडलेली पातळ कुरकुरीत पोळी, पण आतला पांढरा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा आणि वरच्या नारिंगी शेवया पिवळ्याच्या. आंबा आणि चिकट भात (खाओ निआओ मामुआंग) पूर्ण शाकाहारी: भात वाफवून गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या दुधात मुरवतात, वर भाजलेली मूगडाळ. मोसम मार्च ते जून. ऑगस्टमध्ये मिळेल, पण तेव्हाचा आंबा तेवढा चांगला नाही. त्यापेक्षा ताओ हुआय घे, आल्याच्या गरम पाकात मऊ तोफू. केळ्याच्या रोटीवर अंडं फोडतात, आधी सांगायचं.

बर्फाची भीती नको. मध्ये भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला असतो. नळाचं पाणी प्यायचं नाही.

नळस्टॉपचा_काका
दुपारच्या जेवणाला आणखी एक सोय: साम योत स्टेशनपासून चालत फाहुरात, तिथली भारतीय कापडपेठ. श्री गुरू सिंग सभा गुरुद्वाऱ्यात सकाळी लंगर असतो. आसपास समोसे, चहा, भाजी-रोटी. पण बँकॉकला जाऊन समोसाच खायचा असेल तर धागा लिहायची गरज नव्हती. तो फक्त अडचणीचा उपाय.

डॉलरवाला_दादा
पुण्यात करायची कामं, क्रमानं.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं या दोन वेगवेगळ्या कळा असतात, दोन्ही चालू कर. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड थेट टॅप होतं, तिकीट काढावं लागत नाही. आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड. रेल लिंकसाठी यंत्रातून वेगळं टोकन मिळतं.

रुपये नेऊ नकोस, दर वाईट मिळतो. शंभराची स्वच्छ, न दुमडलेली डॉलरची नोट ने, मोठ्या नोटेला दर जास्त देतात. आगमन कक्षातल्या खिडक्या टाळून रेल लिंकच्या मजल्यावर खाली जा, तिथल्या पैसे बदलणाऱ्यांकडे दर चांगला. एटीएममधून काढलेस तर तिथली बँक दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त घेते, आणि पडद्यावर "रुपयांत हिशेब करू का?" विचारलं तर नाही म्हणायचं, तो दर त्यांच्या सोयीचा असतो.

हजाराची नोट गाडीवर पुढे करू नकोस. सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोड. संध्याकाळसाठी २० आणि १०० च्या नोटा हव्यात.

टॅक्सी ॲपही पुण्यातच उघडून ठेव, कारण ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिथे सिम बदललं की तो येत नाही.

डेक्कनचा_घड्याळवाला
१ मे २०२५ पासून थायलंडचं आगमनपत्रक ऑनलाइन भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही. तू इमिग्रेशनमधून बाहेर पडणार, म्हणजे ट्रान्झिट असूनही ते लागेल. व्हिसाचा नियम मात्र तिकिटाच्या तारखेला दूतावासाच्या साइटवरच बघ, इथल्या कोणाचं ऐकू नकोस.

घड्याळ दीड तास पुढे करायचं.

अर्धा_कप
आणि कॅलेंडर ५४३ वर्षं पुढे. तिथे बुद्ध संवत चालतं, पाकिटावर २५६९ छापलं असेल तर ते २०२६. त्यामुळे दही पाच शतकं टिकेल असं समजू नका.

पोथीनिष्ठ
वाट अरुणला दुपारी जाणार असाल तर एक सूचना. मुख्य शिखराची उभी पायरी चढायची, पण अगदी वरपर्यंत सोडत नाहीत. पर्वती नेहमी चढणाऱ्याला दम लागणार नाही, उतरताना मात्र कठडा धरा. शिखरावरचा झगमगाट रत्नांचा नाही, चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांचा आणि शिंपल्यांचा. मधलं शिखर म्हणजे मेरू, भोवती चार लहान. दारावरची यक्षांची जोडी बघा: हिरवा थोत्सकन, पांढरा सहस्सदेच.

मंदिर नदीच्या पश्चिम काठावर आहे. त्यामुळे था तिएनच्या धक्क्यावरून फोटो हवा असेल तर सकाळी समोरून उजेड मिळतो, संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो आणि नुसती काळी आकृती उरते.

छत्री_विसरलेला
था तिएनवरून पलीकडे जायला ५ बाथची होडी आहे. वर चौकशीच्या नावाखाली दीडशेची पर्यटक बोट विकायला कोणी आलं तर तिकडे बघू नका. नारिंगी झेंड्याची बोट १६ बाथ, कुठेही उतरा. तुमच्या मार्गाला तीही लागणार नाही.

मुळाकाठची_रेवा
सगळ्यांचं वाचून केलेला बेत. तपासा.

९ ते ११:३० राजवाडा. १२ ते १:३० वाट फो, त्यात अर्धा तास मसाज. मग था तिएनला जेवण. २:३० ला होडी, वाट अरुण. ४ ला परत सनाम चायला, तिथून फुलबाजार. ५ ला हुआ लाम्फोंगला उतरून सोन्याचा बुद्ध. ६ पासून याओवारात म्हणजे चायनाटाउनमध्ये खाणं. ९:३० ला वाट मांगकोनहून परत.

नळस्टॉपचा_काका
दोन दुरुस्त्या. वाट त्राइमित, म्हणजे तुझा सोन्याचा बुद्ध, पाचला बंद होतो. फुलबाजार आणि तो यातलं एकच निवड. मी फुलबाजार सोडला असता: तो रात्री उशिरा आणि पहाटे भरात असतो, दुपारी चारला झेंडूचे ढीग बघायला मंडईत जाता येतं. मूर्ती साडेपाच टनांची. वर गिलावा होता, १९५५ मध्ये हलवताना तो फुटला आणि आत सोनं निघालं. वाट अरुण पावणेचारऐवजी साडेतीनला सोड, सव्वाचारला मूर्तीपाशी पोचशील. तिथून चिनी कमान ओलांडली की याओवारात सुरू, चालतच जायचं.

दुसरं, साडेनऊ फार उशीर. पावणेनऊला वाट मांगकोन सोड. फेचबुरी, पूल, मक्कासान, विमानतळ मिळून सव्वा तास धर. दहाला पोचलीस की साडेतीन तास हातात. रेल लिंक मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, तिच्यावर शेवटच्या क्षणी अवलंबून राहू नकोस.

भाजीपोळी_केंद्र
बेतात जेवण "था तिएनला" असं मोघम लिहिलंय. तिथली हॉटेलं पर्यटकांची, महाग, आणि जे-ची पाटी मिळेलच असं नाही. फोनवरची वाक्यं दाखवून तोफू घातलेला भात माग, आणि पाठपिशवीत चार थालीपीठं किंवा गूळपोळ्या असू देत. ताज्या भाज्या-फळं मात्र नेऊ नकोस.

याओवारातमध्ये सहानंतर गाड्या लागतात. बऱ्याच गाड्या सोमवारी बंद असतात, तुझा मंगळवार आहे हे बरं. मुख्य रस्ता सी-फूडचा आहे, जे-च्या पाट्या गल्ल्यांत शोध. नवरात्राच्या आसपास नऊ दिवस हा सगळा रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो, तेव्हा गेली असतीस तर शोधावंच लागलं नसतं.

कॉटनकिंगमेकर
राहिलेलं एक. बोटीत आणि गाडीत भिक्खूंसाठी राखीव जागा असतात, तिथे बसायचं नाही. बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं असेल तर समोर ठेवायचं. बुद्धासमोर बसताना पाय मागे दुमडून. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, आपणही थांबायचं.

मुळाकाठची_रेवा
फुलबाजार गेला, ८:४५ चा गजर लावला. पाठपिशवीत पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे, चालेल ना?

डॉलरवाला_दादा
३.७ व्होल्टनं ती ७४ वॉट-अवर होते, मर्यादा १०० ची. हातातल्याच सामानात ठेव, चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि आकडा तिच्यावर छापलेला वाचता आला पाहिजे. छपाई पुसली असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. आणि चार्जरची पिन दोन गोल पायांची असेल तर तिथल्या खाचेत बसते, आपली तीन पायांची बसत नाही.